बेसबॉलपटूंचे पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलबद्दल आहेत: ३० संघ, प्रत्येकाचे हंगामात १६२ सामने. पगाराचे सगळे नियम खेळाडूंची संघटना आणि संघमालक यांच्यातल्या सामूहिक करारात असतात. इथले आकडे २०२२ ते २०२६ च्या करारातले आहेत. रुपयांचा अंदाज यावा म्हणून एक डॉलर ९० रुपयांचा धरला आहे.

१. मेजर लीगमधल्या खेळाडूला कमीत कमी किती पगार मिळतो?

२०२२ मध्ये किमान पगार ७,००,००० डॉलर होता. तो दरवर्षी २०,००० ने वाढत २०२६ मध्ये ७,८०,००० डॉलरवर आला, म्हणजे साधारण ७ कोटी रुपये. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात सर्वात खालची मूळ किंमत ३० लाख रुपये होती, त्यावरून फरक लक्षात येईल.

हा आकडा पूर्ण हंगामाचा आहे. पगार दिवसांवर मोजतात आणि हंगाम साधारण १८६ दिवसांचा असतो, त्यामुळे किमान पगारवाल्याला दिवसाला सुमारे ४,२०० डॉलर पडतात. दहा दिवस वर बोलावून परत खाली मायनर लीगमध्ये पाठवलं, तर त्याला दहाच दिवसांचे मिळतात. खालच्या पगाराचं प्रश्न १३ मध्ये आहे.

२. सरासरी पगार ५० लाख डॉलर असल्याचं वाचलं. मग बहुतेकांना एवढं मिळतं का?

नाही. २०२५ च्या हंगामाच्या सुरुवातीला सरासरी ५० लाखांच्या थोडी वर होती. पण सगळ्या खेळाडूंना पगाराच्या क्रमाने उभं केलं, तर बरोबर मधल्या खेळाडूचा पगार साडेतेरा लाखांच्या आसपास होता. वरच्या काही डझन करारांनी सरासरी ओढून धरलेली असते. कोणत्याही वर्षी संघात मोठा गट किमान पगाराच्या जवळपास असतो आणि त्यात लीगमधले काही सर्वोत्तम खेळाडूही असतात. ते का, हे पुढच्या दोन उत्तरांत आहे.

३. ‘सर्व्हिस टाइम’ म्हणजे काय? १७२ दिवसांचं एवढं महत्त्व का?

बेसबॉलच्या पगाराची किल्ली हीच. खेळाडू किती चांगला आहे यापेक्षा तो मेजर लीगमध्ये किती दिवस राहिला, यावर त्याचे हक्क ठरतात. हंगाम १८६ दिवसांचा असला तरी १७२ दिवस भरले की एक पूर्ण वर्ष धरतात. जखमींच्या यादीत असलेल्याचेही दिवस मोजले जातात आणि पगारही चालू राहतो. साधारण तीन वर्षं भरली की लवादाचा हक्क मिळतो (प्रश्न ५), सहा भरली की मोकळा बाजार (प्रश्न ६).

संघांना पळवाट इथेच सापडते. क्रिस ब्रायंटचं २०१५ मधलं प्रकरण पाहा. शिकागो कब्सनी त्याला हंगाम सुरू झाल्यावर १७ एप्रिलला वर आणलं. वर्षअखेर त्याचे १७१ दिवस भरले, एक दिवस कमी. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, पण त्या एका दिवसामुळे त्याचा मोकळा बाजार वर्षभर लांबला. संघटनेने केलेली तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली.

२०२२ च्या करारात यावर उतारा आला. नवोदितांच्या पुरस्काराच्या मतदानात आपापल्या लीगमध्ये (मेजर लीगचे अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग असे दोन भाग आहेत) पहिल्या दोघांत आलेल्याला दिवस कमी असले तरी पूर्ण वर्ष मिळतं. पिट्सबर्ग पायरेट्सचा पॉल स्कीन्स ११ मे २०२४ ला वर आला, म्हणजे १७२ दिवस भरणं शक्यच नव्हतं. पुरस्कार मिळाला आणि वर्ष पूर्ण धरलं गेलं. दुसऱ्या क्रमांकाच्या खाली राहिलेल्यांना मात्र अजूनही संरक्षण नाही, आणि आमच्या मते ही उघड उणीव आहे.

४. पहिली तीन वर्षं पगार कोण ठरवतं? खेळाडू घासाघीस करू शकतो का?

ठरवतो संघ. किमान पगाराच्या खाली जाता येत नाही, एवढंच बंधन. खेळाडूने सही केली नाही तरी संघ त्याच्या कराराचं एकतर्फी नूतनीकरण करू शकतो. स्कीन्सचा २०२५ चा पगार ८,७५,००० डॉलर होता आणि त्याच वर्षी तो नॅशनल लीगमधला सर्वोत्तम पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू), म्हणजे साई यंग पुरस्काराचा मानकरी ठरला. मोकळ्या बाजारात त्या दर्जाच्या पिचरला वर्षाला कित्येक कोटी डॉलर मिळतात.

ही दरी थोडी बुजवायला २०२२ पासून दरवर्षी ५ कोटी डॉलरचा बोनस निधी आहे. तो लवादाच्या हक्कापर्यंत न पोहोचलेल्या १०० खेळाडूंत वाटतात. साई यंग किंवा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जिंकल्यास २५ लाख, दुसऱ्या क्रमांकाला १७.५ लाख, सर्वोत्तम नवोदिताला ७.५ लाख डॉलर. उरलेला पैसा खेळाच्या एका संयुक्त आकडेवारीवर वाटला जातो.

५. लवाद कसा चालतो? मधला आकडा देतात का?

देत नाहीत, आणि सगळी गंमत त्यातच आहे. जानेवारीत खेळाडू एक आकडा देतो, संघ दुसरा. फेब्रुवारीत तीन लवादांसमोर सुनावणी होते आणि दोनपैकी एकच आकडा निवडावा लागतो. २०२४ मध्ये व्लादिमीर गेरेरो ज्युनियरने १.९९ कोटी डॉलर मागितले, टोरंटोने १.८०५ कोटी देऊ केले. मध्यबिंदू १.८९७५ कोटी. खेळाडूची किंमत याच्या एक डॉलर वर आहे असं लवादांना वाटलं, तर पूर्ण १.९९ कोटी, खाली वाटलं, तर १.८०५. गेरेरो जिंकला. अवाच्या सवा मागणारा हरतो, म्हणून दोघेही वास्तवाच्या जवळचा आकडा देतात आणि बहुतेक प्रकरणं सुनावणीआधीच मिटतात.

तुलना होते ती तेवढीच सर्व्हिस टाइम असलेल्या खेळाडूंशी. मोकळ्या बाजारातल्या पगारांशी सरसकट तुलना नसते, त्यामुळे लवादाचा पगार बाजारभावाच्या खालीच राहतो.

दोन अपवाद लक्षात ठेवा. तीन वर्षं पूर्ण न झालेल्यांपैकी, म्हणजे दोन ते तीन वर्षांच्या गटातल्या, सर्वाधिक दिवस भरलेल्या २२ टक्के खेळाडूंना लवाद वर्षभर आधीच मिळतो. अट ही की आदल्या हंगामात किमान ८६ दिवस भरलेले हवेत. यांना ‘सुपर टू’ म्हणतात आणि त्यांना तीनऐवजी चार वेळा लवाद मिळतो. दुसरा अपवाद उलट्या बाजूचा: लवादात जाणारा पगार परवडणार नाही असं वाटलं, तर संघ नोव्हेंबरमध्ये करारच देऊ करत नाही. खेळाडू सहा वर्षांआधी मोकळा होतो, पण तेव्हा त्याला मागणी कमी असते.

६. सहा वर्षंच का? खेळाडू हवा तेव्हा संघ का सोडू शकत नाही?

१९७५ पर्यंत तर कधीच सोडू शकत नव्हता. करारात एक ‘राखीव कलम’ असे. संघ त्याचा अर्थ असा लावत की करार वर्षानुवर्षं आपोआप पुढे चालू राहतो, खेळाडू जन्मभर बांधलेला. १९६७ मध्ये किमान पगार होता ६,००० डॉलर. सेंट लुईसच्या कर्ट फ्लडची १९६९ मध्ये फिलाडेल्फियाशी अदलाबदल झाली. त्याने जायला नकार दिला, खटला भरला आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ असा हरला. त्याची कारकीर्द जवळपास तिथेच संपली. आज कोट्यवधींचे करार करणाऱ्या प्रत्येकावर या माणसाचं ऋण आहे.

कोर्टात जमलं नाही ते लवादात जमलं. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली सही न करता १९७५ च्या हंगामात खेळले. २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला: कलमाने करार एकच वर्ष वाढतो, त्यानंतर खेळाडू मोकळा.

मग सगळेच दरवर्षी मोकळे का झाले नाहीत? संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनाच ते नको होतं. ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली म्हणत होते, सगळ्यांना मोकळं करा. मिलरना भीती होती की मालकांनी ते ऐकलं तर बाजारात शेकडो खेळाडू एकदम येतील आणि भाव पडतील. मालकांनी ऐकलं नाही. १९७६ मध्ये सहा वर्षांवर तडजोड झाली. दरवर्षी थोडेच खेळाडू मोकळे, त्यामुळे त्यांना भाव चढा. त्याची किंमत तरुण खेळाडू मोजतात, हे प्रश्न ४ मध्ये आलंच आहे.

७. मोकळ्या खेळाडूला जुना संघ थांबवू शकतो का?

थांबवू शकत नाही, पण अडसर घालू शकतो. संघ त्याला एका वर्षाची ठरावीक रक्कम देऊ करतो. ती लीगमधल्या सर्वात मोठ्या १२५ पगारांची सरासरी असते; २०२५ च्या हंगामानंतर ती २.२०२५ कोटी डॉलर होती. खेळाडूने ती नाकारून दुसरीकडे सही केली, तर नव्या संघाला ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंना संघ आळीपाळीने निवडतात त्यातली, निवड गमवावी लागते. मधल्या दर्जाच्या खेळाडूंना याचा फटका बसतो. हंगामाच्या मध्यात संघ बदललेल्याला किंवा आधी एकदा असा देकार मिळालेल्याला हे लागू नाही.

८. आयपीएलसारखी पर्स इथे नाही का? श्रीमंत संघ वाटेल तेवढा खर्च करतात?

आयपीएलमध्ये २०२५ च्या लिलावाला १२० कोटी रुपयांची पर्स होती, त्यापुढे एक रुपयाही नाही. बेसबॉलमध्ये अशी कमाल मर्यादा नाही आणि किमान मर्यादाही नाही. आहे तो कर. संघाच्या एकूण पगारासाठी २०२६ चा उंबरठा २४.४ कोटी डॉलर. वर गेलेल्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. त्याशिवाय उंबरठ्याच्या वरच्या २ ते ४ कोटींच्या टप्प्यावर १२ टक्के जादा, ४ ते ६ कोटींच्या टप्प्यावर ४२.५ (सलग दुसऱ्या वर्षापासून ४५) आणि ६ कोटींच्या पुढे ६० टक्के.

हिशोब करून पाहू. संघ सलग तिसऱ्या वर्षी वर आहे, करासाठीची बेरीज २९ कोटी. उंबरठ्यापेक्षा ४.६ कोटी जास्त.
पहिले २ कोटी × ५० टक्के = १ कोटी
पुढचे २ कोटी × ६२ टक्के = १.२४ कोटी
उरलेले ६० लाख × ९५ टक्के = ५७ लाख
एकूण २.८१ कोटी डॉलर. हाच संघ पहिल्यांदा वर गेला असता, तर कर १.४१५ कोटी, बरोबर निम्म्याच्या आसपास. म्हणून संघ मधेच एक वर्ष उंबरठ्याखाली येऊन मीटर शून्यावर आणतात.

इथे नेहमी होणारी चूक: त्या वर्षीचे रोख पगार बेरजेला धरणं. करासाठी प्रत्येक कराराची वार्षिक सरासरी धरतात. वर खेळाडूंच्या विमा-पेन्शनचा वाटा आणि बोनस निधीतला वाटा (५ कोटी ÷ ३०, म्हणजे सुमारे १६.७ लाख) जमा होतो. लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ साठी सुमारे १०.३ कोटी डॉलर कर भरला.

९. ओहतानीचा ७० कोटी डॉलरचा करार खरंच तेवढ्याचा आहे का? त्याला वर्षाला फक्त २० लाख मिळतात म्हणे.

दोन्ही खरं. शोहेई ओहतानीने डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सशी १० वर्षांचा करार केला. वर्षाला ७ कोटी, पैकी हातात २० लाख. उरलेले ६.८ कोटी प्रत्येक वर्षी दहा वर्षं पुढे ढकललेले, बिनव्याजी. २०२४ चे २०३४ मध्ये, असं करत २०४३ पर्यंत.

दहा वर्षांनी मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत कमी असते. करारात त्यासाठी ४.४३ टक्के दर लागला. ६.८ कोटी भागिले (१.०४४३ चा दहावा घात) = सुमारे ४.४१ कोटी. अधिक २० लाख. म्हणजे करासाठी वर्षाला सुमारे ४.६१ कोटी आणि पूर्ण कराराची आजची किंमत सुमारे ४६ कोटी. हुआन सोटोने डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सशी केलेला १५ वर्षांचा ७६.५ कोटींचा करार काहीही न ढकलता आहे, वर्षाला ५.१ कोटी. दोघांची तुलना करताना हेच आकडे घ्यावेत.

पैसे बुडतील का? तशी शक्यता कमी. ढकललेल्या रकमेची आजची किंमत संघाला ठरलेल्या मुदतीत बाजूला काढून ठेवावी लागते. करार कायदेशीर आहे, यात लबाडी नाही. ओहतानीनेच हा मार्ग सुचवला होता. कराचा आणखी एक पैलू प्रश्न १७ मध्ये आहे.

ढकललेल्या पैशावर व्याज लावलं तर काय होतं, याचं उदाहरण बॉबी बोनिया. मेट्स त्याला २००० साली ५९ लाख डॉलर देणं लागत होते. ८ टक्के व्याजाने ते पुढे ढकलले. आता २०११ ते २०३५ दर १ जुलैला त्याला ११,९३,२४८ डॉलर मिळतात.

१०. खेळाडू जखमी झाला किंवा काढून टाकला तर पगार बंद होतो का?

बहुवर्षीय करार पूर्ण हमीचे असतात. वॉशिंग्टनच्या स्टीफन स्ट्रासबर्गने डिसेंबर २०१९ मध्ये ७ वर्षांचा २४.५ कोटींचा करार केला आणि दुखापतींमुळे त्यानंतर फक्त आठ सामन्यांत पिचिंग केलं. करार तरी चालू राहिला. खेळाडूने मनाने निवृत्ती घेतली तर मात्र उरलेला पैसा जातो, म्हणून जखमी खेळाडू घाईने निवृत्ती जाहीर करत नाहीत. संघाने काढून टाकलं तर जुना संघच पगार देतो. दुसऱ्या संघाने किमान पगारावर घेतलं, तर तेवढीच रक्कम वजा होते.

हमी नसते ती कुठे? लवादाची सुनावणी होऊन ठरलेल्या एक वर्षाच्या पगाराला. हंगामाआधी काढलं तर थोड्याच दिवसांचे पैसे मिळतात. सुनावणीआधी तडजोड झालेला करार २०२२ पासून हमीचा आहे. वकिलांना तडजोड आवडण्याचं हेही कारण. उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्यास पहिल्यांदा ८० सामने बंदी, आणि ते सगळे बिनपगारी.

११. जास्त होम रन मारल्यास जास्त पैसे, असा करार करता येतो का?

येत नाही. होम रन, सरासरी, विजय अशा आकड्यांवर बोनस ठेवायला मनाई आहे. किती सामने, किती वेळा फलंदाजी, किती इनिंग पिचिंग, कोणता पुरस्कार, यावर ठेवता येतो. त्यामुळे अटीच्या जवळ आलेल्या खेळाडूला शेवटच्या आठवड्यात बाहेर बसवलं की लगेच संशय येतो.

१२. प्लेऑफमध्ये पगार मिळतो का?

पगार नियमित हंगामापुरताच. प्लेऑफमध्ये तिकीटविक्रीच्या ठरावीक हिश्श्याचा निधी होतो. विजेत्या संघाला त्यातला ३६ टक्के, उपविजेत्याला २४. वाटणी खेळाडू मतदानाने करतात आणि मैदानावरच्या कर्मचाऱ्यांनाही वाटा देऊ शकतात. २०२२ मध्ये ह्यूस्टनच्या प्रत्येकाच्या पूर्ण वाट्याला ५,१६,३४७ डॉलर आले.

१३. मायनर लीगमध्ये किती मिळतात?

२०२२ पर्यंत लाजिरवाणे. ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खाली, हंगामाचे १७,५०० डॉलर. सर्वात खाली ४,८००. २०२३ मध्ये मायनर लीगचा पहिला सामूहिक करार झाला आणि हे किमान आकडे आले:
सर्वात खालची कॉम्प्लेक्स लीग: १९,८००
लो-ए: २६,२००
हाय-ए: २७,३००
डबल-ए: ३०,२५०
ट्रिपल-ए: ३५,८००

त्याच वर्षी मेजर लीगमध्ये दिवसाला सुमारे ३,८७० डॉलर पडत होते. ट्रिपल-एच्या अख्ख्या हंगामाची कमाई वर सव्वानऊ दिवसांत होत होती. दुखापत झालेल्या सहकाऱ्याच्या जागी दोन आठवडे वर जायला मिळणं या मुलांसाठी किती मोठं असतं, ते यावरून कळेल. शिवाय मेजर लीगमध्ये एक दिवस जरी काढला तरी पुढे आरोग्य विम्याचा हक्क मिळतो आणि ४३ दिवसांवर पेन्शनचा.

१४. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा हायस्कूलमध्ये चांगला खेळतो. ड्राफ्ट की कॉलेज?

नियम आधी पक्के करा. हायस्कूल संपल्यावर ड्राफ्टला पात्र. चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा २१ वर्षांचा होईपर्यंत निवड नाही. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातून कधीही निवड होऊ शकते. ड्राफ्टच्या २० फेऱ्या असतात. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीला ठरावीक किंमत असते आणि त्यांची बेरीज हा संघाचा निधी. निधीच्या ५ टक्क्यांपर्यंत वर गेल्यास ७५ टक्के कर, त्यापुढे पुढची पहिल्या फेरीची निवड जाते. अकराव्या फेरीपासून १,५०,००० डॉलरपर्यंतचा बोनस निधीत धरत नाहीत.

किंमत म्हणजे हक्क नव्हे. २०२५ मध्ये पहिल्या निवडीची किंमत १.१ कोटींच्या वर होती, सही झाली ८२ लाखांवर. वाचलेला पैसा संघ पुढच्या निवडींवर वापरतो. मुलाच्या बाजूने विचार करा: बोनस एकदाच मिळतो, त्यानंतर प्रश्न १३ मधले पगार. बोनस छोटा असेल तर कॉलेजचं शिक्षण सोडू नये, असं आम्ही स्पष्टपणे सांगू. सही करायचीच असेल तर पुढच्या शिक्षणाचा खर्च संघाकडून करारात लिहून घ्या.

१५. जपानी खेळाडूंसाठी संघ वेगळे पैसे देतात ते काय?

जपानमध्ये नऊ वर्षं पूर्ण होण्याआधी खेळाडूला सोडायचं, तर त्याच्या जपानी क्लबला शुल्क द्यावं लागतं: करारातल्या पहिल्या २.५ कोटींवर २० टक्के, पुढच्या २.५ कोटींवर १७.५, उरलेल्यावर १५. जपानी पिचर योशिनोबू यामामोतोचा डॉजर्सशी ३२.५ कोटींचा करार घ्या: ५० लाख + ४३.७५ लाख + ४.१२५ कोटी = ५.०६२५ कोटी डॉलर, पगाराच्या वर वेगळे.

पंचविशीच्या आतल्याला मात्र हौशी खेळाडू धरतात आणि बोनसवर मर्यादा येते. ओहतानी २३ व्या वर्षी आला तेव्हा त्याला २३.१५ लाख बोनस आणि २०१८ ला किमान पगार ५,४५,००० डॉलर मिळाला. दोन वर्षं थांबला असता तर बाजारभाव मिळाला असता.

१६. भारतातून कुणी तिथवर पोहोचलं आहे का?

मेजर लीगपर्यंत भारतात वाढलेलं कुणी नाही. २००८ मध्ये वेगवान चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून निवडलेल्या उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्याशी पायरेट्सनी करार केला होता. दोघेही मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर खेळले. भारतीय मुलगा आंतरराष्ट्रीय हौशी गटात मोडतो. १६ वर्षांपासून सही करता येते. १०,००० डॉलरपर्यंतचा बोनस संघाच्या मर्यादित निधीत मोजत नाहीत, त्यामुळे अनोळखी देशातल्या मुलाला सहसा त्याच्या आतच देकार येतो.

१७. हातात नक्की किती येतात?

एजंट साधारण ४ ते ५ टक्के घेतो, पण पगार किमान रकमेच्या खाली जाईल असं घेता येत नाही. कर मोठा. संघीय कर आहेच, शिवाय ज्या राज्यात जितके कामाचे दिवस काढले तितक्या प्रमाणात त्या राज्याचाही. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात कमाल १३.३ टक्के. ढकललेला पैसा किमान दहा वर्षं समान हप्त्यांत मिळाला, तर तो मिळताना जिथे राहता त्या राज्याचा कर लागतो, खेळलात त्या राज्याचा नाही. ओहतानीचे हप्ते बरोबर दहा आहेत.

१८. २०२६ च्या डिसेंबरमध्ये खेळ बंद पडेल का?

करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. नवा झाला नाही, तर मालक टाळेबंदी करू शकतात: सह्या बंद, खेळाडूंना संघाच्या सुविधा बंद, प्रशिक्षकांशी बोलणंही बंद. मागच्या वेळी २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ असे ९९ दिवस गेले, पण सगळे १६२ सामने झाले. पगार हंगामातच मिळत असल्याने हिवाळ्यातल्या टाळेबंदीत खेळाडूंचं थेट नुकसान होत नाही, सामने रद्द व्हायला लागले की होतं. १९९४ मध्ये खेळाडूंनी संप केला तो २३२ दिवस चालला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम लढत, झालीच नाही. तेव्हा मुद्दा पगाराच्या कमाल मर्यादेचा होता. मायनर लीगचा करार वेगळा आहे आणि २०२७ पर्यंत आहे, त्यामुळे मेजर लीगच्या ४० जणांच्या यादीत नसलेल्यांचे सामने टाळेबंदीतही चालू राहतील.